प्यूटर जडवलेल्या जुन्या लेस-बॉबिन्स: नवख्यांसाठी देखभाल आणि डागडुजी

इंग्लंडमध्ये बेडफर्ड, ऑल्नी, न्यूपोर्ट पॅग्नेल या टापूतल्या जुन्या बाजारांत हिंडताना एखाद्या टेबलावर, चमचे आणि बटणांच्या डब्यांशेजारी, बारीक काड्यांचा जुडगा पडलेला दिसतो. लांबी साधारण चार इंच, जाडी पेन्सिलीहून कमी, खालच्या टोकाला काचेच्या मण्यांचं कडं. या म्हणजे हाताने लेस विणायच्या बॉबिन्स. बऱ्याचशा लाकडी, काही हाडाच्या, आणि त्यातल्या काहींच्या अंगात राखाडी धातूचे ठिपके नाहीतर पट्टे बसवलेले. तो धातू म्हणजे प्यूटर, कथलाचा एक मिश्रधातू. इकडे राहणाऱ्या आपल्यापैकी कुणी हौसेने अशी बॉबिन घरी आणली की पहिला प्रश्न ठरलेला: ही चकचकीत कशी करायची?

करायची नाही. धूळ काढायची, सुटू पाहणारं जागेवर धरून ठेवायचं आणि बॉबिन नीट ठेवून द्यायची. एवढंच काम आहे. शंभर-दीडशे वर्षं टिकलेल्या वस्तूचं नुकसान खणात पडून राहिल्याने जेवढं होतं, त्याहून जास्त उत्साही हातांनी होतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे लेखात पुढे ‘हे करू नका’ जरा जास्त वेळा येईल, त्याला इलाज नाही.

हातात नेमकं काय आहे ते ओळखा

या प्रकारच्या लेससाठी गवत ठासून भरलेली एक कडक उशी लागते. तिच्यावर भोकं पाडलेला नमुना टाचायचा, भोकांत टाचण्या खोचायच्या आणि त्या टाचण्यांभोवती दोरे एकमेकांवरून नेत जाळी घडवायची. प्रत्येक दोऱ्याचं मोकळं टोक एकेका बॉबिनीवर गुंडाळलेलं असतं. साध्या किनारीलाही डझनावारी बॉबिन्स लागतात, रुंद कामाला शेकड्यांनी. मण्यांचं कडं केवळ शोभेसाठी नाही. त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि बॉबिन उशीवर गडगडत नाही.

हे कडं असलेल्या बॉबिन्स बेडफर्डशर, बकिंगहॅमशर आणि नॉर्दॅम्प्टनशर या भागातल्या. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसच्या बॉबिन्स गुळगुळीत आणि बिनमण्यांच्या असतात, कारण तिथे बॉबिनच फासातून पलीकडे न्यावी लागते. १८०९ साली जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे यंत्राने हाताच्या लेसचा बाजार हळूहळू खाल्ला. तरी या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात बायका आणि लहान पोरी उशीपुढे बसतच होत्या. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जुन्या बॉबिन्स त्याच काळातल्या.

प्यूटरवाल्यांची नावं लक्षात ठेवायला सोपी आहेत. अंगभर ठिपके असतील तर लेपर्ड, गोल पट्टे असतील तर टायगर, पंख पसरल्यासारखा आकार बसवलेला असेल तर बटरफ्लाय. चौथा प्रकार नवख्याला हमखास फसवतो. तो ट्रॉली. तिच्या दांडीवर प्यूटरच्या सुट्या कड्या असतात, त्या वरखाली सरकतात आणि किणकिणतात. नक्षीची रेघ उठवणारा जाड दोरा या बॉबिनीवर असायचा, म्हणून ती इतरांत चटकन ओळखू यायला हवी असायची. या कड्या सैलच असतात. त्या ‘निखळल्या आहेत’ असं समजून चिकटवायला जाऊ नका.

हाडाच्या बॉबिन्सवर नावं आणि वाक्यं कोरलेली असतात. काहींवर फाशी दिलेल्या माणसाचं नाव आणि साल आहे: जोसेफ कॅसल, १८६०. बायकोच्या खुनासाठी त्याला बेडफर्डला फाशी दिलं होतं, आणि त्याची आठवण लेस करणारणी उशीवर ठेवत होत्या! कोरीव अक्षरांच्या वळणावरून डीन्सहँगरच्या कॉम्पटन घराण्यासारखे कारागीर ओळखता येतात. प्यूटरच्या लाकडी बॉबिन्सवर वाचण्यासारखं सहसा काही नसतं, त्यामुळे विकणारा छातीठोकपणे कारागिराचं नाव सांगू लागला तर पैसे त्या नावाचे देऊ नका.

जुनी की नवी? १९७०नंतर हा छंद पुन्हा जोरात आला आणि तेव्हापासून नव्या बॉबिन्सही बनताहेत, प्यूटरच्यासुद्धा. त्या चांगल्या असतात, पण जुन्या नसतात. भिंगातून वरची मान बघा. जिथे दोरा गुंडाळला जायचा तिथे वर्षानुवर्षांच्या घासणीने लाकडाची कड गोल झालेली असते, कधी दोऱ्याने पाडलेली बारीक खाचही दिसते. दांडी जिथे बोटांत धरली जायची तिथे तुकतुकीत, आणि डोक्याखालच्या बेचक्यात मळ तसाच. नवीन बॉबिन मुद्दाम काळी केलेली असली तरी तो काळेपणा सगळीकडे सारखा असतो.

जमलं तर काहीही करण्याआधी बेडफर्डचं हिगिन्स संग्रहालय किंवा ऑल्नीचं कूपर अँड न्यूटन म्युझियम एकदा बघून या. चांगल्या ठेवलेल्या जुन्या बॉबिनीचा रंग डोळ्यांत बसला की पॉलिशची बाटली हातात घ्यावीशी वाटत नाही.

प्यूटरचा स्वभाव

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपल्याकडे पातेल्याला आतून कल्हई करतात तेच. त्यात थोडं तांबं किंवा अँटिमनी, आणि जुन्या प्यूटरमध्ये बऱ्याचदा शिसं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. शिसं मिसळलं की मिश्रण १८३ अंशांपासूनच पातळ व्हायला लागू शकतं. लाकूड जळायच्या आत धातू वितळतो, म्हणून तर कारागिराला लाकडात खाचा करून त्यांत तो ओतता आला. गार झाल्यावर घासून लाकडाच्या पातळीला आणला की झालं. दांडीसाठी आलुबुखार, सफरचंद, चेरी अशा फळझाडांचं लाकूड किंवा मेपल, बॉक्सवूड, यू वापरत.

इथेच सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे. लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. धातू तसं करत नाही. इंग्लंडमधल्या घरात हिवाळ्यात हीटर लागले की दांडी आक्रसते आणि पट्टा सैल पडतो. दमट हवेत ती फुगते आणि पट्ट्याला आतून रेटते. एखादी टायगर बॉबिन भिंगाखाली फिरवून पाहा. पट्ट्याच्या कडेला केसाएवढी काळी फट दिसते, तिच्यात जुना मळ आणि मेण बसलेलं, आणि पट्ट्याच्या एका जागी ओतकामाचा उभा जोड. चीर पडलीच तर बहुतेक वेळा याच जोडावर पडते, आणि फटीतला मळच पट्टा धरून असतो. तो मळ सुईने कोरून काढलात की पट्टा तुमच्या हातात येईल.

शिशाची काळजी घ्यायलाच हवी. नायट्राइलचे पातळ हातमोजे घाला, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, जेवणाच्या टेबलावर हे करू नका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. प्यूटरला पॉलिशपेपर अजिबात लावायचा नाही. धातूचं नुकसान होतं आणि शिशाची धूळ घरात उडते. वस्तुसंग्रहालयांत थुंकीने ओली केलेली कापसाची काडी नाजूक सफाईला वापरतात असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण इथे नको. एकच काडी दोनदा तोंडाकडे जायला वेळ लागत नाही.

कामाला बसण्याआधी

टेबलावर मऊ पांढरा टॉवेल पसरा, चार बाजूंनी कडा थोड्या उचललेल्या. ठिपका निखळला तर तो गडगडत जमिनीवर जाणार नाही. खिडकीशेजारी बसा. सामान थोडं आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, कापसाच्या काड्या, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, बोथट चिमटा, छोट्या झिपच्या पिशव्या आणि वही.

प्रत्येक बॉबिनीचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. चारही बाजूंनी काढा, आणि कड्याचा फोटो वेगळा. वहीत लिहा: कुठून मिळाली, लाकूड की हाड, किती ठिपके बसवलेले होते, किती उरलेत, कुठे चीर आहे. क्रमांक बॉबिनीवर लिहू नका. कागदी चिठ्ठी सुती दोऱ्याने मानेला सैल बांधा. हे कंटाळवाणं काम टाळावंसं वाटतं, पण सहा महिन्यांनी ‘ही चीर आधीची की आत्ताची?’ असा प्रश्न पडला की फोटोशिवाय उत्तर मिळत नाही.

रोग आहे की नुसतं वय?

एकसारखा, मंद, गडद राखाडी रंग म्हणजे वय. त्याला हात लावायचा नाही. तो थर खालच्या धातूला सांभाळतो, आणि खरं सांगायचं तर काळपट लाकडावर तोच देखणा दिसतो.

प्यूटरवर पांढरी, पिठासारखी भुकटी असेल तर मात्र चालू दुखणं आहे. हवेतल्या ॲसिटिक आम्लाची वाफ शिशाला खाते आणि त्यातून ही भुकटी तयार होते. वाफ येते कुठून? ओकच्या खणातून, प्लायवूडच्या कपाटातून, स्वस्त पुठ्ठ्याच्या खोक्यातून. म्हणजे इलाज बॉबिनीवर कमी आणि कपाटावर जास्त करायचा असतो.

राखाडी खवले किंवा खड्डे दिसले की लोक ‘टिन पेस्ट’चं नाव घेतात. १३ अंशांखाली शुद्ध कथलाची रचना बदलून त्याची भुकटी होते, अशी ती गोष्ट. शुद्ध कथलाबाबत ती खरी आहे. प्यूटरमध्ये शिसं आणि अँटिमनी असल्याने असं क्वचितच होतं. तुमच्या बॉबिनीवरचे खड्डे जवळपास नेहमी ओलावा आणि आम्ल यांचेच. थंड खोलीला घाबरू नका.

मण्यांच्या तारेवर हिरवा थर असेल तर तो तांब्या-पितळेचा. मण्यांचा भाग येईल तेव्हा त्याच्याकडे वळू.

लाकडात एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर कीड होती किंवा आहे. बॉबिन काळ्या कागदावर ठेवा आणि काही आठवडे बघत राहा. भोकाखाली फिकट रंगाचा ताजा भुसा जमत असेल तर कीड जिवंत आहे. ती बॉबिन बाकीच्यांपासून वेगळी करा, दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि मगच पुढचं ठरवा. घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवणं हा रुळलेला उपाय आहे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. पण ठिपके आधीच सैल असलेल्या बॉबिनीला मी फ्रीझर दाखवणार नाही. ती संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू जपण्याचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्यावी. कीटकनाशकाची बाटली तर नकोच.

सफाई

आधी कोरडी. ब्रश हलक्या हाताने, दांडीच्या लांबीच्या दिशेने. पट्ट्याच्या कडेला आडवा ब्रश मारू नका, केस फटीत अडकून पट्टा उचलतात. मात्र पांढरी भुकटी असलेल्या जागी कोरडा ब्रश चालवायचाच नाही, कारण ती शिशाची धूळ आहे. तिथे थेट ओलसर काडी.

ओलसर म्हणजे किती? कापसाची काडी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून टिपकागदावर दाबा, इतकी की कापूस बोटाला गार लागेल पण ओला नाही. काडी घासायची नाही, ठिपक्यावरून लोळवायची. एक बाजू मळली की काडी फिरवा, दोन्ही बाजू मळल्या की फेकून द्या. लगेच मागून कोरडी काडी. पाणी फटीत जाता कामा नये, म्हणून ठिपक्याच्या मधून कडेकडे जाताना कडेच्या अलीकडेच थांबा. भुकटी पुसलेल्या काड्या वेगळ्या पिशवीत बंद करून टाका.

नुसत्या पाण्याने न निघणारा बोटांचा चिकट मळ असेल तर कपभर पाण्यात सौम्य, बिनवासाच्या साबणाचा एक थेंब, आणि नंतर पुन्हा साध्या पाण्याची काडी. आधी दांडीच्या खालच्या टोकाजवळ, न दिसणाऱ्या जागी तपासून बघा. कापसावर तपकिरी किंवा लाल रंग उतरला तर तिथेच थांबा, लाकूड रंगवलेलं आहे.

आता आपल्या घरातल्या सवयींविषयी. चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, पितळ घासायची पावडर, ब्रासो: यातलं काहीही नाही. आम्ल प्यूटरला खातं, पावडरने ओरखडे पडतात, आणि पॉलिशचा पांढरा गाळ फटीत बसला की तो कधीच निघत नाही. अल्ट्रासोनिक यंत्र, वाफ, गरम पाणीही नाही. तेलाचा मोह तर सगळ्यांना होतो. खोबरेल असो की जवसाचं, लाकडावर दोन दिवस छान दिसतं, मग चिकट होतं, धूळ धरतं आणि काळं पडतं.

हाडाच्या बॉबिनीला पाणी आणखी कमी. हाड पाणी पितं, फुगतं, वाळताना तडकतं. कोरलेल्या अक्षरांत लाल-निळा रंग भरलेला असेल तर तिथे ओली काडी न्यायचीच नाही. पिवळेपणा घालवायला ब्लीच किंवा पेरॉक्साइड लावलेल्या बॉबिन्स बाजारात दिसतात. पांढऱ्याफटक, खडूसारख्या. त्यांची किंमत निम्म्यावर आलेली असते आणि तेही योग्यच आहे.

सैल ठिपका, सुटलेला पट्टा

पट्टा जागेवर आहे पण बोटाने फिरतो, तर त्याला फिरू द्या. तो खाचेत आहे, पडणार नाही. पट्टा तडकून त्याची कड वर आली असेल तर बिनआम्लाच्या टिश्यूची अरुंद पट्टी सैल गुंडाळून ठेवा, म्हणजे ती कड कुठे अडकणार नाही. दाबून सपाट करायला जाऊ नका. प्यूटर मऊ असतं हे खरं, पण खालचं लाकूड आक्रसलेलं आणि ठिसूळ आहे.

ठिपका पूर्ण निघून हातात आला असेल तर चिकटवता येतो, आणि हीच नवख्याने करण्यासारखी एकमेव खरी दुरुस्ती. आधी कोरडाच बसवून बघा. ठिपके हाताने बनलेले असल्याने क्वचितच पूर्ण गोल असतात. फिरवत गेलात की एका जागी तो अलगद आत जातो. तीच त्याची जागा. वरच्या बाजूला पेन्सिलीची नव्हे, टिश्यूच्या तुकड्याची खूण ठेवा. भोक आक्रसल्यामुळे ठिपका आत जातच नसेल तर भोक मोठं करू नका, ठिपका घासू नका. छोट्या पिशवीत घालून बॉबिनीच्या क्रमांकासह ठेवून द्या.

चिकटवायला पॅरालॉइड बी-७२ वापरा. हा ॲसिटोनमध्ये विरघळलेला ॲक्रिलिक चिकटपदार्थ संवर्धक नेहमी वापरतात आणि तो तयार ट्यूबमध्ये मिळतो. पुढे कधी काढायची वेळ आली तर ॲसिटोनने सुटतो, हा त्याचा मोठा गुण. टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब भोकाच्या तळाशी ठेवा, कडांना लावू नका. ठिपका चिमट्याने बसवा, बोटाने क्षणभर धरा, सोडा. बाहेर आलेला चिकटपदार्थ ॲसिटोनने पुसायचा मोह आवरा, कारण ॲसिटोन जुनं वार्निशही उचलतं. तो अर्धवट वाळला की लाकडी टूथपिकने उचलून निघतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको.

सुपरग्लू नको, कारण तो परतीचा रस्ता बंद करतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंदही नको, आणि त्याचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अशा गोंदातून वाळल्यावरही ॲसिटिक आम्लाची वाफ येत राहते. म्हणजे शिशाच्या शत्रूला तुम्ही स्वतःच ठिपक्याखाली नेऊन बसवता.

जे हरवलं आहे ते

रिकामी भोकं रिकामीच ठेवा. ‘नवीन प्यूटर ओतून घेऊ, फार तर एखाद्या कल्हईवाल्याला विचारू’ ही कल्पना सुचते, सुचतेच. पण कारागिराने ओतलं तेव्हा लाकूड नवं होतं. दीडशे वर्षं वाळलेल्या दांडीत दोनशे अंशांचा रस ओतला तर ती काळी पडेल, तडकेल, आणि शेजारचे जुने ठिपके वितळून जातील. शिवाय आजचं बिनशिशाचं प्यूटर रंगाने वेगळं, पांढरट असतं. जुन्या दातांच्या ओळीत नवीन कवळीचा एकच दात बसवावा तसं ते दिसतं.

प्रत्यक्ष लेस विणायला बॉबिन्स हव्या असतील तर नवीन घ्या. जुन्या प्यूटरच्या बॉबिन्सवर काम करणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण शिसं असलेली वस्तू रोज तासन्‌तास बोटांत फिरवणं मला पटत नाही.

मण्यांचं कडं

बॉबिनीच्या खालच्या टोकाला एक बारीक आडवं भोक असतं, त्यातून तार जाते आणि तारेत मणी. दोन्ही बाजूंना बहुधा चौकोनी मणी जोडीजोडीने, तळाशी मधोमध एक मोठा. चौकोनी मण्याच्या बाजू भिंगाखाली बघण्यासारख्या असतात. काच गरम असताना ती कानशीवर दाबून सपाट केलेली असल्याने कानशीचे आडवेउभे बारीक दाते तिच्यावर उमटलेले दिसतात. मळ त्यांच्यातच बसतो. काढायचाच असेल तर ओलसर काडीने, टाचणीने नाही. राखाडी मण्यावर लाल-पांढरे डोळे असतील तर त्यांना किटी फिशरचे डोळे म्हणतात, अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या एका प्रसिद्ध सुंदरीच्या नावावरून. तिच्या डोळ्यांचा नि त्या मण्यांचा संबंध किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मण्यांच्या जागी कधी बटण, नाणं किंवा शिंपला असतो. तो मूळचा असो वा नंतरचा, काढू नका. वापरणाऱ्या बाईने बदललेलं कडं हाही त्या बॉबिनीचाच इतिहास.

तार शाबूत असेल तर तिच्यावर हिरवा थर असला तरी तशीच राहू द्या. लाकडी टूथपिकने सुटा हिरवा भाग अलगद खरवडा, पुसा, बस. तार तुटली असेल किंवा हात लावताच तुटण्याच्या बेतात असेल तेव्हाच नवीन घालायची.

ती अशी घाला. कड्याचा फोटो आधीच काढलेला आहेच. आता तार कापण्याआधी कड्याखाली चिकटपट्टीचा तुकडा उलटा, चिकट बाजू वर करून ठेवा. तार सर्वांत खराब जागी कापा आणि मणी एकेक करून त्याच क्रमाने त्या पट्टीवर उतरवा. त्यांची दिशाही बदलू देऊ नका, झिजलेली बाजू आतली आहे की बाहेरची हे कड्याकडे बघितल्यावर कळतं. जुनी तार फेकू नका, चिठ्ठीसह पिशवीत ठेवा.

नवीन तार पितळेची, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. ती बॉबिनीच्या भोकातून सहज जायला हवी. अडकत असेल तर बारीक तार घ्या. भोक मोठं करणं हा पर्याय नाही, तिथलं लाकूड अगोदरच पातळ असतं आणि प्यूटरचा शेवटचा पट्टा बऱ्याचदा अगदी जवळ असतो. तारेचे तुकडे आधी एखाद्या लेखणीभोवती गुंडाळून गोल करून घ्या. सरळ तार भोकात घालून नंतर वाकवलीत तर सगळा जोर टोकावर येतो आणि टोक फुटतं. गोल तार भोकातून ओवा, मणी क्रमाने चढवा, दोन्ही टोकं तळच्या मोठ्या मण्यात समोरासमोरून घाला. भोकात जागा असेल तर प्रत्येक टोक मण्यापलीकडच्या तारेला एक-दीड वेढा देऊन कापा आणि कापलेलं टोक शेजारच्या चौकोनी मण्याच्या भोकात दडपा. बोट फिरवून बघा, काही टोचता कामा नये. कडं थोडं ढिलं ठेवा. मणी घट्ट आवळले तर काचेवर काच दाबली जाऊन तडकते.

एखादा मणी हाताला ओलसर किंवा साबणासारखा निसरडा लागत असेल तर त्याची काच खराब होत आहे. तो कोरड्या कापडाने पुसा आणि ती बॉबिन थोड्या कोरड्या हवेच्या डब्यात वेगळी ठेवा.

मेण

सफाईनंतर लाकूड अगदीच कोरडं आणि फिकट वाटत असेल तर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा, म्हणजे रेनेसाँ वॅक्ससारख्या मेणाचा, एक हलका हात पुरे. १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत ते संग्रहालयातल्या वस्तूंसाठी तयार झालं. सुती कापडाच्या कोपऱ्यावर तांदळाएवढं घ्या, आधी दुसऱ्या कापडावर अर्धं पुसून टाका, मग दांडीवर लावा. प्यूटरवरून गेलं तरी चालतं, फटीत भरायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. रंगवलेल्या किंवा कोरीव हाडाच्या बॉबिनीला मात्र लावू नका. दरवर्षीही लावायचं नसतं.

ठेवायचं कुठे

पॉलिप्रॉपिलीनचा झाकणाचा सपाट डबा, तळाशी पांढरा पॉलिथिलीन फोम, त्यात प्रत्येक बॉबिनीपुरती आडवी खाच. वर बिनआम्लाचा टिश्यू. बॉबिन्स एकमेकींना लागू नयेत, कारण एकीचे मणी दुसरीच्या प्यूटरवर चरे पाडतात. जुडगा करून रबरबँड लावणं ही सर्वांत वाईट पद्धत. रबर कुजतं, चिकटतं आणि त्यातलं गंधक धातूला काळं करतं. मखमली अस्तराची सुंदर लाकडी पेटी दाखवायला ठेवा, साठवायला नाही. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्याही टाळा.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम, पण आकड्यापेक्षा ती स्थिर राहणं महत्त्वाचं. हीटरवरचं फडताळ, उन्हाची खिडकी आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, तिन्ही वाईट.

या बॉबिन्स मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या घरी नेणार असाल तर गणित बदलतं. पावसाळ्यात तिथली हवा आठवडेच्या आठवडे ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक हवाच. जेल थेट बॉबिनीशेजारी ठेवू नका, एकदम कोरडं केलं तर लाकूड तडकतं. पुड्या थोड्याच घाला, मापक बघत वाढवा. तिथली आपली कपाटं बहुतेक प्लायवूडची, नवीन असतील तर वासावरूनच कळतं काय बाहेर पडतंय ते. डबा त्यात ठेवायचाच असेल तर झाकण पक्कं हवं. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. त्यांची वाफ कोंडून राहते, काही प्लास्टिकं तिने मऊ पडतात आणि तो वास लाकडातून वर्षभर जात नाही.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा किंवा हिवाळा संपल्यावर, डबा उघडून भिंगाखाली प्रत्येक बॉबिन फिरवा आणि जुन्या फोटोशी ताडून बघा. पुन्हा पांढरी भुकटी आली असेल तर बॉबिन पुसून दुसऱ्या डब्यात हलवा आणि आधीच्या डब्यात काय आहे ते एकेक करून तपासा. पुठ्ठ्याचा तुकडा, रंगीत फोम, विकणाऱ्याने दिलेली कागदी पट्टी, असं काहीतरी बहुधा सापडतंच.